भाऊबंदकीत हरले, देशात जिंकले: ओहायो स्टेटचा २०२४ चा हंगाम

३० नोव्हेंबर २०२४ ची रात्र. रात्र कसली, घड्याळात पहाटेचे दोन वाजून गेले होते. फोन वाजला. अशा अवेळी फोन आला की पोटात गोळाच येतो. पलीकडे भाचा, अमेरिकेतल्या कोलंबसहून. तिथल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत तो एमएस करतोय. आवाज पार बसलेला.

"मामा, संपलं सगळं."

मी ताडकन उठून बसलो. व्हिसा? अपघात? पैसे?

"मिशिगनकडून हरलो. सलग चौथ्यांदा. आणि तेही घरच्या मैदानावर."

त्यावर मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण सात आठवड्यांनी, २१ जानेवारीला सकाळी मी आंघोळीला निघालो असताना त्याच पोराचा फोन आला. मागे नुसता गोंगाट. "मामा, नॅशनल चॅम्पियन!"

मी म्हटलं, कोण? तर तोच संघ. तोच हंगाम. ज्याचं सगळं संपलं होतं तोच.

तेव्हापासून या कोड्यानं माझा पिच्छा पुरवला. वर्षातली सगळ्यात महत्त्वाची मॅच हरलेला संघ देशाचा विजेता कसा होतो? आणि विजेता होऊनही त्याच्या माणसांच्या मनात काहीतरी सलत कसं राहतं? भाच्याकडून तासन्‌तास समजून घेतलं, जुन्या मॅच पाहिल्या, आणि जे हाती लागलं ते आता सांगतो. क्रिकेटवर वाढलेल्या माणसानं क्रिकेटवर वाढलेल्या माणसांना सांगितलेलं, एवढंच धरून चाला.

बांध कोरायचा खेळ

नाव फुटबॉल, पण पायाचा संबंध बेताचाच. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. बहुतेक वेळ तो हातातच असतो. भाच्यानं मला आधी नियमांची यादी पाठवली होती. डोक्यावरून गेली. मग एकदा मॅच बघताना अचानक लक्षात आलं की हा खेळ तर आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालतो. बांध कोरणं! दरवर्षी नांगरट करताना शेजारच्याच्या बांधाची वीतभर माती आपल्याकडे ओढायची. एका वर्षात कुणाला कळत नाही, दहा वर्षांत काकरीची काकरी सरकलेली असते. माझे आजोबा आणि त्यांचे चुलतभाऊ यांच्यात अशा दीड हात जमिनीवरून वीस वर्षं बोलणं नव्हतं.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेच, फक्त कोर्टाऐवजी पंच. मैदान १०० यार्ड लांब, म्हणजे साधारण ९१ मीटर. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा जण. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. या प्रत्येक प्रयत्नाला 'डाऊन' म्हणतात. दहा यार्ड कमावले की पुन्हा नवे चार डाऊन. नाही जमलं तर चेंडू समोरच्याच्या हवाली. असं सरकत सरकत समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाऊन, सहा गुण. त्यावर एक जादा किक मारून आणखी एक गुण, किंवा हिंमत असेल तर आणखी एकदा चेंडू आत घुसवून दोन. टोकापर्यंत पोचता येईना, पण जवळ आलोय, असं असेल तर उभ्या खांबांमधून लाथेनं चेंडू धाडायचा: फील्ड गोल, तीन गुण.

एक प्रयत्न पाच-सहा सेकंदांत आटोपतो. मग सगळे पुन्हा गोळा होतात, पुढचा डाव ठरवतात, पुन्हा भिडतात. म्हणून ६० मिनिटांची मॅच साडेतीन तास चालते. नवख्याला वाटतं, नुसते उभेच आहेत. कसोटी क्रिकेट बघणाऱ्या परदेशी माणसालाही असंच वाटत असणार.

आक्रमण करणारे अकरा वेगळे, बचाव करणारे अकरा वेगळे, लाथ मारणारा आणखी वेगळा. आक्रमणाची सूत्रं क्वार्टरबॅककडे. चेंडू फेकायचा, कुणाच्या हातात द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे त्या दोन-तीन सेकंदांत तोच बघतो. पण त्याच्यासमोर दीडशे किलोच्या आसपासचे पाच धिप्पाड गडी उभे असतात, त्यांच्याकडे लक्ष द्या. कॅमेरा त्यांच्यावर क्वचितच जातो. त्यांनी भिंत धरून ठेवली तरच क्वार्टरबॅकला श्वास घ्यायला सवड मिळते. या पाच जणांचं पुढे काम पडणार आहे.

खराखुरा बांध

ओहायो आणि मिशिगन ही शेजारी राज्यं. आणि त्यांच्यात बांधावरून भांडण झालं होतं, अगदी शब्दशः. १८३५ मध्ये. जुन्या चुकीच्या नकाशामुळे टोलेडो गावाभोवतीची सुमारे ४६८ चौरस मैलांची पट्टी दोघांनाही आपली वाटत होती. दोन्हीकडून सशस्त्र स्वयंसेवक निघाले, दमदाट्या झाल्या, मिशिगनच्या एका शेरीफच्या मदतनिसाला छोट्या चाकूचा वार बसला. तो वाचला. युद्ध म्हणून नोंद झालेल्या या प्रकरणात एकही माणूस दगावला नाही. शेवटी वॉशिंग्टननं तोडगा काढला: टोलेडो ओहायोला, आणि त्या बदल्यात मिशिगनला उत्तरेकडचा थंडगार जंगली द्वीपकल्प आणि १८३७ मध्ये राज्याचा दर्जा. पुढे त्या जंगलात तांबं आणि लोखंड निघालं. वाटणीत मुरमाड माळ आलेल्या धाकट्या भावाच्या विहिरीला पाणी लागावं, तसं.

दोन्ही विद्यापीठांचे संघ १८९७ मध्ये पहिल्यांदा एकमेकांशी खेळले. १९१८ पासून ही मॅच दरवर्षी होते, कोविडचं २०२० तेवढं सुटलं. हंगामाची नेहमीची शेवटची मॅच हीच, नोव्हेंबरच्या अखेरीस. तिला वेगळं नावही लागत नाही, नुसतं 'द गेम' म्हटलं की पुरतं.

त्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारात इंग्रजी एम हे अक्षर जिथे जिथे दिसेल तिथे त्यावर लाल फुली मारतात. इमारतींच्या पाट्यांवर, फलकांवर, सगळीकडे. भाचा म्हणाला, "त्या आठवड्यात तुला मामा म्हणायचीसुद्धा चोरी." त्याच्या फोनमध्ये माझं नाव तेवढे सात दिवस फुलीसकट होतं.

आणखी एक प्रथा आहे, ती लक्षात ठेवा. मिशिगनला हरवलं की त्या वर्षीच्या प्रत्येक खेळाडूला सोन्याच्या पँटचं एक चिमुकलं पदक मिळतं. बोटाच्या पेरावर मावेल एवढं. १९३४ पासूनची ही रीत. त्या वर्षी नव्यानं आलेले कोच फ्रान्सिस श्मिट म्हणाले होते की मिशिगनवालेही आपल्यासारखेच एकेक पाय घालून पँट चढवतात. म्हणजे त्यांना घाबरायचं कारण नाही. त्यावरून ही गोल्ड पँट्स. पैशात म्हणाल तर किंमत किरकोळ. ती फक्त मिशिगनला हरवूनच मिळते, देशाचं अजिंक्यपद जिंकूनही मिळत नाही.

कॉलेजची मॅच आणि लाखभर माणसं

आपल्याला पटकन न पटणारी गोष्ट ही की हा सगळा मामला विद्यापीठाच्या संघाचा आहे. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या मॅचला खेळाडूंचे मित्र, एखादा चहावाला आणि झाडाखाली झोपलेला कुत्रा एवढी गर्दी. कोलंबसचं ओहायो स्टेडियम १९२२ मध्ये बांधलेलं, घोड्याच्या नालाच्या आकाराचं, बसायची सोय १,०२,७८० जणांची. आणि ते भरतं.

याचं एक व्यवहारी कारण आहे. व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय खेळाडूला प्रवेश नाही. ती तीन-चार वर्षं तो घालवतो कुठे, तर कॉलेजात. म्हणजे देशातले १८ ते २२ वयाचे सगळे उत्तम खेळाडू विद्यापीठांकडेच असतात. दुसरं कारण भावनेचं: ओहायोत एनएफएलचे दोन संघ आहेत, क्लीव्हलंड आणि सिनसिनाटीत, पण राजधानी कोलंबसला एकही नाही. तिथला शनिवार विद्यापीठाचाच.

खेळाडूंना मात्र वर्षानुवर्षं शिष्यवृत्तीपलीकडे एक छदाम मिळत नव्हता. स्टेडियम भरतंय, टीव्हीवाले अब्जावधी डॉलर मोजताहेत, कोच कोट्यधीश होताहेत, आणि ज्याचे गुडघे फुटतात तो 'विद्यार्थी'. मला विचाराल तर ही उघड लूट होती. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातींतून कमाई करायची मुभा मिळाली. त्याच सुमारास कॉलेज बदलण्यावरची बंधनंही सैल झाली. पूर्वी दुसरीकडे गेलं की वर्षभर बाकावर बसावं लागायचं. दोन्ही मिळून झालं असं की दरवर्षी हिवाळ्यात खेळाडूंचा बाजार भरू लागला. नाव जाहिरातीचं, पण आत काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक.

सलग तीन वर्षं मिशिगनकडून मार खाल्लेल्या ओहायो स्टेटनं २०२४ साठी या बाजारात हात सैल सोडला. विद्यापीठाचे क्रीडा संचालक रॉस ब्यॉर्क यांनीच आकडा सांगितला होता: खेळाडूंना मिळणारी रक्कम सुमारे २ कोटी डॉलर. कॅन्सस स्टेटमधून क्वार्टरबॅक विल हॉवर्ड आला, मिसिसिपीतून चेंडू घेऊन पळणारा क्विनशॉन जडकिन्स, अलाबामातून बचावातला हिरा केलेब डाउन्स आणि त्या पाचांच्या भिंतीत मधोमध उभा राहणारा सेथ मॅकलॉफ्लिन. शाळेतून थेट आलेला जेरेमाया स्मिथ तर पहिल्याच वर्षी देशातल्या भल्याभल्यांना भारी पडला. आणि जॅक सॉयर, एमेका एग्बुका, ट्रेव्हियन हेंडरसन असे जुने गडी, जे एनएफएलमध्ये जाऊ शकत होते, ते आणखी एक वर्ष थांबले. का? तर मिशिगनला एकदा तरी हरवायचं म्हणून. २०२१ मध्ये आलेल्या या पोरांना ते एकदाही जमलं नव्हतं.

मुख्य कोच रायन डे यांनी डावपेच आखायला चिप केली यांना आणलं. केली हे डे यांचे कॉलेजातले कोच, आणि यूसीएलएची मुख्य कोचची खुर्ची सोडून ते आले शिष्याच्या हाताखाली.

बारा जण मैदानावर

हंगाम सुरू झाला तो हलक्या प्रतिस्पर्ध्यांना चोपत. अॅक्रन ५२-६, वेस्टर्न मिशिगन ५६-०. यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. मोठी विद्यापीठं लहानांना पैसे देऊन मार खायला बोलावतात, लहानांचा वर्षाचा खर्च त्यातून निघतो.

खरी परीक्षा १२ ऑक्टोबरला, ऑरेगनमध्ये. नकाशा बघितलात तर प्रश्न पडेल की ओहायोचा संघ नेहमीच्या गटसामन्यासाठी पॅसिफिक किनाऱ्यावर कसा पोचला. दोघांचा गट एकच: बिग टेन. नाव दहाचं, संघ १८. या गटाला टीव्हीवाल्यांकडून सात वर्षांचे ७ अब्ज डॉलरहून जास्त मिळतात म्हटल्यावर पश्चिमेची चार विद्यापीठं आपला जुना गट मोडून इकडे आली. भूगोल गेला खड्ड्यात.

ती मॅच ३२-३१ अशी हरले. पण कशी, ते बघण्यासारखं आहे. दहा सेकंद उरलीत, ऑरेगन एका गुणानं पुढे, चेंडू ओहायो स्टेटकडे. आणखी थोडं सरकले की फील्ड गोल मारून मॅच खिशात. डाव सुरू झाला आणि ऑरेगननं अकराऐवजी बारा खेळाडू उतरवले. जास्तीचा माणूस असल्यावर पास देणार कुणाला? चेंडू वाया गेला. पंचांनी दंड दिला पाच यार्डांचा, पण खर्च झालेली चार सेकंद परत कुणी देईना. सहा सेकंद उरली. पुढच्या डावात हॉवर्ड चेंडू घेऊन पळाला, थांबायला घसरत खाली बसला, आणि घड्याळात शून्य.

बारावा माणूस चुकून आला की मुद्दाम आणला? ऑरेगनचे कोच डॅन लॅनिंग नंतर गालातल्या गालात हसत जे बोलले, त्यावरून चुकून नव्हता, हे शेंबड्या पोरालाही कळलं. आठवडाभरात या पळवाटेला बूच मारावं लागलं: शेवटच्या काळात असं घडलं तर समोरच्याला गेलेला वेळ परत मागता येईल. मला या लॅनिंगचा राग यायला हवा, भाच्याला येतोच. मला मात्र तालुका कोर्टातला एखादा बेरकी वकील आठवतो.

त्याच मॅचमध्ये डाव्या बाजूचा भिंतीतला गडी जॉश सिमन्स गुडघा दुखावून वर्षभरासाठी गेला. नोव्हेंबरमध्ये मॅकलॉफ्लिनच्या टाचेची नस तुटली. पाचांच्या भिंतीतल्या दोन विटा निखळल्या. पेन स्टेटला त्याआधीच २०-१३ हरवलं होतं, आणि दोन विटा नसतानाही तोवर अपराजित असलेल्या इंडियानाला ३८-१५. मग आली ती मॅच.

१३-१०

मिशिगन आदल्या वर्षीचा देशाचा विजेता, पण या वर्षी पार ढेपाळलेला. कोच एनएफएलला गेलेले, चांगले खेळाडूही गेलेले, सहा विजय, पाच पराभव. सट्टेबाजांच्या लेखी ओहायो स्टेट जवळपास २० गुणांनी जिंकणार. मिशिगनच्या क्वार्टरबॅकनं त्या दिवशी सगळे मिळून ६२ यार्डांचे पास दिले. यजमानांना दोन टचडाऊन मारायला काय हरकत होती?

हरकत त्यांच्या डोक्यात होती. मिशिगनचं एकच बलस्थान उरलेलं: बचावातले मधले दोन अवाढव्य गडी. ओहायो स्टेटकडे बाहेरच्या बाजूला स्मिथ आणि एग्बुका, ज्यांना धरणं कुणाला जमत नव्हतं. शहाणा माणूस चेंडू बाहेर फेकेल. यांनी काय केलं, तर मोडक्या भिंतीच्या मागून पुन्हा पुन्हा मधूनच घुसायचा प्रयत्न. २६ वेळा पळाले, ७७ यार्ड मिळाले. चार वर्षं मिशिगनवाले 'तुम्ही मऊ आहात' म्हणून हिणवत होते, त्यांना आपला दणकटपणा दाखवायचा होता. बांधाच्या भांडणात असंच होतं. वकील सांगतो तडजोड करा, पण शेजाऱ्यानं पंचांसमोर काढलेले शब्द डोक्यातून जात नाहीत, आणि माणूस नको तिथे कुदळ मारत बसतो.

हॉवर्डचे दोन पास मिशिगनच्या हातात गेले. दोन जवळच्या फील्ड गोल किक हुकल्या. ४५ सेकंद असताना मिशिगनच्या डॉमिनिक झ्वाडानं २१ यार्डांवरून किक मारली. १३-१०.

पुढचं आणखी वाईट. मिशिगनच्या पोरांनी आपला झेंडा आणून मैदानाच्या मधोमध रोवायचा घाट घातला, आणि जुंपली. जॅक सॉयर त्या झेंड्यावर तुटून पडला, पोलिसांनी मिरपुडीचा फवारा मारला. दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी १ लाख डॉलर दंड झाला. स्टेडियममध्ये त्या वेळी कसं वाटत होतं, असं भाच्याला विचारलं. म्हणाला, "कुणी ओरडत नव्हतं मामा. मयतीला जमल्यासारखे सगळे खाली मान घालून जिने उतरत होते." रायन डे यांना हाकला, अशी मागणी त्या रात्रीपासूनच सुरू झाली. सहा हंगामांत त्यांनी मोजून दहा मॅच गमावल्या होत्या.

मग विजेते कसे झाले?

इथे कोड्याची किल्ली आहे.

शंभरावर संघ आणि प्रत्येकाच्या जेमतेम बारा मॅच. सगळे सगळ्यांशी खेळणं अशक्य. त्यामुळे देशात उत्तम कोण, हे गुणतक्त्यावरून ठरत नाही. १३ जणांची एक निवड समिती नोव्हेंबरपासून दर आठवड्याला क्रमवारी लावते: कोण कुणाशी खेळलं, कुठे हरलं, किती फरकानं. २०१४ ते २०२३ या काळात समितीच्या पहिल्या चार संघांतच बाद फेरी व्हायची. त्या हिशेबानं १३-१० नंतर भाचा म्हणाला ते शंभर टक्के खरं ठरलं असतं. समितीच्या शेवटच्या यादीत ओहायो स्टेट सहावा होता. घरी बसले असते.

पण नेमक्या त्याच वर्षापासून चाराचे बारा झाले. पाच गटविजेते हक्कानं, बाकी सात क्रमवारीनं. पहिल्या चार गटविजेत्यांना थेट उपांत्यपूर्व फेरी, उरलेल्यांनी आधी एक फेरी खेळायची. गटविजेत्यांच्या या आरक्षणामुळे समितीच्या यादीत नववा असलेला बॉयझी स्टेट आणि बारावा अॅरिझोना स्टेट वर सरकले आणि ओहायो स्टेटला आठवं मानांकन मिळालं. गंमत म्हणजे थेट प्रवेश मिळालेले चारही संघ पहिल्याच मॅचला हरले. पुढच्या वर्षी थेट उपांत्यपूर्व फेरीचं ते आरक्षण काढूनच टाकलं.

तर २१ डिसेंबरला कोलंबसच्याच मैदानावर, शून्याखालच्या थंडीत, टेनेसीविरुद्ध. मधल्या तीन आठवड्यांत काय बदललं? भिंतीची डागडुजी झाली: डोनोवन जॅक्सनला त्याच्या नेहमीच्या जागेवरून डाव्या टोकाला हलवलं होतं, तो तिथे मुरला. आणि मधून घुसायचा हट्ट सुटला. चेंडू स्मिथकडे जाऊ लागला. पहिल्या पंधरा मिनिटांत २१-०, शेवटी ४२-१७. १ जानेवारीला कॅलिफोर्नियात पुन्हा तेच ऑरेगन, आता अपराजित आणि अव्वल मानांकित. ३४-० अशी आघाडी घेऊनच थांबले, शेवटी ४१-२१. बारावा माणूस उतरवूनही काही झालं नसतं.

१० जानेवारीची उपांत्य फेरी टेक्सासशी. आपल्याकडे शनिवारची सकाळ, मी चहाचा कप घेऊन भाच्याबरोबर व्हिडिओ कॉलवर. शेवटची काही मिनिटं, ओहायो स्टेट २१-१४ पुढे, आणि टेक्सासचा चेंडू टचडाऊनपासून एका यार्डावर. एक यार्ड! चार प्रयत्न हातात. पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात बाजूनं पळायला गेले आणि उलट सात यार्ड मागे ढकलले गेले. तिसरा पास वाया. चौथ्याला टेक्सासचा क्वार्टरबॅक क्विन युअर्स फेकायला मागे सरला, आणि धावत आलेल्या जॅक सॉयरनं त्याच्या हातातला चेंडू उडवला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड धावत सुटला. एकशेवीस किलोच्या आसपासचा माणूस, इतकं लांब पळायची सवय नसलेला, मान मागे टाकून धापा टाकतोय आणि कुणाच्या हाती लागत नाही. २८-१४.

युअर्स २०२१ मध्ये काही महिने ओहायो स्टेटमध्येच होता. तेव्हाचा त्याचा रूममेट कोण? सॉयर. झेंड्यावर तुटून पडलेला तोच, कोलंबसच्या शेजारच्या गावातला.

अंतिम सामना २० जानेवारीला अटलांटात, नोत्र दामशी. ३१-७ वरून ३१-२३ पर्यंत समोरच्यांनी ओढत आणलं होतं. अडीचेक मिनिटं बाकी, तिसरा डाऊन, अकरा यार्ड हवेत. इथे चेंडू गमावला तर काहीही होऊ शकलं असतं. मिशिगनविरुद्ध ज्यांनी मधून मधून घुसायचा हट्ट धरला होता, त्यांनी या वेळी चेंडू उंच, लांब, एकट्या स्मिथसाठी फेकला. ५६ यार्ड. मग फील्ड गोल, ३४-२३. चौदा विजय, दोन पराभव. याच ओहायो स्टेटनं चार संघांची पहिली बाद फेरीही जिंकली होती, २०१४ च्या हंगामात. डे यांना हाकला म्हणणाऱ्या शहरात दोन-अडीच आठवड्यांत त्यांना वर्षाला सव्वा कोटी डॉलरचा नवा सात वर्षांचा करार मिळाला.

तिथले जुने लोक म्हणतात की ओहायो स्टेटचा हंगाम तीन गोष्टींसाठी असतो: मिशिगनला हरवणं, गट जिंकणं, देश जिंकणं. आणि त्याच क्रमानं. २०२४ मध्ये पहिल्या दोन हुकल्या आणि तिसरी मिळाली. चार संघांच्या काळात हे घडणं फार अवघड होतं. पहिली पायरी चुकली की बहुतेक वेळा पुढचा जिनाच कोसळायचा. नव्या रचनेनं भाऊबंदकीचं खातं आणि देशाचं खातं वेगळं करून टाकलं. बरेच जण म्हणतात, त्यामुळे त्या एका शनिवारची धार गेली. मला नाही वाटत. पहाटे दोनला आलेला तो फोन मी उचललाय.

सॉयर आणि त्याच्या बरोबरीचे गडी त्या उन्हाळ्यात एनएफएलमध्ये गेले. एनएफएलच्या वार्षिक खेळाडू-निवडीत ओहायो स्टेटचे १४ जण घेतले गेले, त्यातले चार निवडीच्या पहिल्याच फेरीत. बोटात अजिंक्यपदाची भलीमोठी अंगठी. सोन्याची पँट नाही.

ती मिळाली त्यांच्या मागे राहिलेल्यांना. २९ नोव्हेंबर २०२५, मिशिगनच्या घरच्या मैदानावर, २७-९. भाच्यानं फोन केला नाही, मेसेजही केला नाही, लाल फुली मारलेलं एम हे अक्षर तेवढं पाठवलं. पुढच्याच आठवड्यात गटाच्या अंतिम सामन्यात इंडियानाकडून हरले, १३-१०. वर्षाच्या शेवटच्या दिवशी बाद फेरीत मायामीकडून हरले, २४-१४. मी मुद्दाम विचारलं, "काय रे, संपलं का सगळं?"

"नाही रे मामा," तो म्हणाला, "या वर्षी ठीक झालं."